दुसऱ्याच्या दुःखात साडेआठ मिनिटे

नाताळच्या सुट्टीत माझा भाचा घरी आला होता. तो पुण्याला कॉम्प्युटरचे शिक्षण घेतो. येताना त्याने डोक्याला बांधायचा एक काळा चष्मा आणला होता. चष्मा कसला, डोळ्यांवर लावायचे खोकेच ते! "मामा, एकदा घालून तर बघा," असे म्हणत त्याने तो माझ्या डोक्यावर चढवला आणि मागचा पट्टा आवळला. क्षणात आमची ओटी, समोरची केळी, दारातला नाताळचा तारा सगळे नाहीसे झाले. मी उजाड वाळवंटात उभा होतो. मान वळवली की मागचे दिसे, वर पाहिले की आकाश दिसे. मग एका बारा वर्षांच्या मुलीचा आवाज कानांवर आला आणि ती मला आपले घर दाखवू लागली.

त्या मुलीचे नाव सिद्रा. सीरियातील यादवीमुळे देश सोडून जॉर्डनमधील झातारी नावाच्या छावणीत आलेल्या कुटुंबातली ती. ही छावणी २०१२ साली उघडली आणि पुढे तिथे सुमारे ऐंशी हजार माणसे राहू लागली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला शहर म्हणतात. 'क्लाउड्स ओव्हर सिद्रा' ही साडेआठ मिनिटांची फिल्म संयुक्त राष्ट्रसंघासाठी गॅबो अरोरा आणि क्रिस मिल्क यांनी तयार केली. २०१५ च्या जानेवारीत ती दावोसला, जगभरातील धनिक आणि सत्ताधारी जिथे जमतात तिथे, दाखवली गेली. सिद्रा आपल्याला शाळेत नेते, रोट्या भाजणाऱ्या बेकरीत नेते, मुलींच्या फुटबॉलच्या मैदानावर नेते. शेवटी मुले आपल्याभोवती गोल धरून उभी राहतात आणि आपण त्यांच्या मधोमध असतो. त्यातला एखादा मुलगा सरळ तुमच्या डोळ्यांत बघतो. वास्तविक तो कॅमेऱ्याकडे बघत असतो, पण तुम्हाला तसे वाटत नाही.

पट्टा सोडला तेव्हा माझे डोळे ओले होते. भाचा खूश झाला. आतून चहा आला, तो आम्ही प्यायलो आणि संध्याकाळी सगळे मिळून गोठा बघायला गेलो.

रात्री मात्र मला काही केल्या झोप येईना. आमच्या शेजारी एक काका आहेत. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम वर्षभर भरलेली नाही. दर तीन दिवसांनी नर्स येऊन पट्टी बदलते. मी त्यांच्याकडे नेमाने जातो, पेपर वाचून दाखवतो, गावच्या गप्पा सांगतो. पण नर्सने पिशवी उघडली की मला हमखास काहीतरी काम आठवते आणि मी चपला शोधू लागतो. वर्षभरात एकदाही मी ती जखम पाहिलेली नाही. काकांनी दात आवळून सोसताना काढलेला आवाज मी फक्त आमच्या ओटीवरून, भिंतीपलीकडून ऐकला आहे. जॉर्डनमधल्या अनोळखी मुलीसाठी माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि भिंतीपलीकडच्या माणसासाठी मी चपला शोधतो. मग त्या चष्म्यात मला जे झाले त्याला काय म्हणावे? ती करुणा होती का?

हा प्रश्न मला एकट्यालाच पडला असे नाही. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हे काम आता फक्त कॉम्प्युटरवाल्यांचे राहिलेले नाही. त्यात सिनेमावाले आहेत, मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, पत्रकार आहेत. यातल्या क्रिस मिल्क यांनी २०१५ मधल्या एका भाषणात या तंत्राला सहवेदना निर्माण करणारे यंत्रच म्हटले होते. दुसऱ्याच्या जागी उभे राहायला शिकवणारे यंत्र निघाले, तर मग आम्हाला लहानपणापासून जे शिकवले गेले ते दुकानात विकत मिळेल की काय!

या वाटेवर सर्वांत पुढे गेलेली कलाकृती म्हणून 'कार्ने इ अरेना' हिचे नाव घेतात. 'मांस आणि वाळू' असा त्या स्पॅनिश नावाचा अर्थ. मेक्सिकोचे दिग्दर्शक अलेहान्द्रो इन्यारितू यांनी ती केली आणि २०१७ च्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात दाखवली. त्याच वर्षी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तिला खास पुरस्कार दिला. मेक्सिकोची सीमा चोरून ओलांडून अमेरिकेत शिरणाऱ्या गरीब माणसांची ही कथा आहे. तिला एका वेळी एकच माणूस आत सोडतात. आधी एका थंडगार खोलीत बसवतात. सीमेवर पकडलेल्यांना ठेवतात तशी ती खोली. तिथे सीमेवरच्या वाळवंटात सापडलेले जुने जोडे पडलेले असतात, आणि आपणही आपले जोडे, मोजे काढून ठेवायचे. मग अनवाणी पायांनी खऱ्याखुऱ्या वाळूत शिरायचे. डोक्याला चष्मा, पाठीवर पिशवी. पहाटेच्या अंधारात बायकापोरांचा एक थकलेला जथा समोरून येतो. एवढ्यात वर हेलिकॉप्टर घरघरते, दिव्यांचे झोत पडतात, सैनिकांसारखे पोलीस ओरडत येतात आणि बंदूक तुमच्यावरही रोखतात. सारे मिळून साडेसहा मिनिटे. या जथ्यातल्या एखाद्या माणसाच्या अंगातून तुम्ही चालत गेलात तर त्याचे धडधडणारे हृदय दिसते. बाहेर पडताना त्या खऱ्या माणसांचे चेहरे आणि त्यांच्या हकिगती भेटतात, कारण ही कथा इन्यारितू यांनी त्यांच्याकडूनच ऐकली होती.

हे सगळे खोटे, नाटकी, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. सिद्राची फिल्म दाखवून देणग्या मागितल्या तेव्हा देणारे दुप्पट झाले, असे युनिसेफने सांगितले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काहींना चष्मा लावून बेघर होण्याचा अनुभव दिला. नोकरी जाते, भाडे भरण्यासाठी घरातले एकेक सामान विकावे लागते, मग गाडीत झोपावे लागते, शेवटी रात्रीच्या बसमध्ये आपली पिशवी सांभाळत बसावे लागते. दुसऱ्या काहींना तीच हकिगत कागदावर वाचायला दिली. नंतर गरिबांना परवडणाऱ्या घरांसाठीच्या अर्जावर सही मागितली, तेव्हा चष्मा लावलेल्यांपैकी ८२ टक्क्यांनी ती दिली आणि वाचलेल्यांपैकी ६७ टक्क्यांनी. फरक आहे, नाकारू नये. मात्र माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला त्या ६७ चेही कौतुक वाटले. नुसत्या कागदाने तीनांपैकी दोघांना हलवले की!

तरी त्या वेळी येल विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ पॉल ब्लूम यांनी घेतलेला आक्षेप मला सोडवत नाही. त्यांचे म्हणणे साधे आहे. निर्वासिताचे खरे दुःख तंबू कसा दिसतो, धूळ किती उडते, यात नसते. ते असते पुढच्या वर्षी आपण कुठे असू हे ठाऊक नसण्यात, मागे राहिलेल्यांच्या काळजीत, वर्षानुवर्षे वाट पाहण्यात. आणि तुमच्या चष्म्याला पट्टा आहे, तो केव्हाही सोडता येतो. सिद्राला कोणता पट्टा सोडायचा होता? आमच्या काकांना तरी कोणता?

याहून बारीक धोका दुसऱ्या एका अभ्यासात दिसला. २०१५ मध्ये अमेरिकेतच काही संशोधकांनी डोळस माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना चालायला लावले, म्हणजे अंधांविषयी समज वाढेल. प्रत्यक्षात उलटे झाले. त्या धडपडीनंतर लोकांना वाटू लागले की अंध माणसाला नोकरी करणे, एकट्याने राहणे फारसे जमणार नाही. त्यांनी अनुभवला होता अंधत्वाचा पहिला तास. वीस वर्षे अंध असलेल्या माणसाचे कसब, त्याची सवय, त्याचा विनोद त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. दुसऱ्याच्या जागी उभे राहिल्याने आपल्याला त्याचे दुःख कळते असे नाही. पुष्कळदा आपलीच भीती कळते, आणि तिला आपण त्याचे नाव देतो.

या विषयावर आपल्याच एका संताने शंभर वर्षांपूर्वी प्रबंध लिहिला होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ज्यू घराण्यात १८९१ साली जन्मलेल्या एडिथ स्टाईन या जर्मनीत तत्त्वज्ञ हुसर्ल यांच्या विद्यार्थिनी होत्या. सहवेदना म्हणजे नेमके काय, हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. त्या एक साधे उदाहरण घेतात. मित्र येऊन सांगतो की माझा भाऊ वारला. त्याचे दुःख मला जाणवते. पण कसे जाणवते? ते माझे होत नाही, त्याचेच राहते. मी मी असतो, तो तो असतो, आणि या अंतरातूनच मला त्याचे दुःख कळते. हे अंतर पुसून टाकले, त्याची जागा मीच घेतली, तर दुःखी माणूस दिसेनासा होतो आणि उरतो फक्त मी, माझ्या भरून आलेल्या डोळ्यांसह. शंभर वर्षांनी निघणाऱ्या चष्म्याची त्यांना कल्पनाही नव्हती, तरी त्यांनी माझ्या नाताळच्या संध्याकाळचे वर्णन करून ठेवले आहे असे मला वाटले.

आणि त्यांनी हे नुसते टेबलाशी बसून लिहिले नाही. १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, अभ्यास बाजूला ठेवून त्या मोराव्हियातील संसर्गजन्य रोगांच्या लष्करी इस्पितळात रेडक्रॉसच्या परिचारिका म्हणून गेल्या. काही महिने रोगी सैनिकांची शुश्रूषा केली, मग परत येऊन काम पुरे केले आणि १९१६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे १९२२ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नंतर त्या कार्मेल मठात गेल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये नाझींनी त्यांना पकडले. हॉलंडमधील वेस्टरबोर्क छावणीत त्यांना पाहिलेल्यांनी सांगितले आहे की, दुःखाने सुन्न झालेल्या आयांचे आपल्या मुलांकडे लक्षच नव्हते. स्टाईन त्या मुलांना न्हाऊ घालीत, त्यांचे केस विंचरीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत आऊशवित्झला त्यांचा अंत झाला. १९९८ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

इथे आणखी एक गोष्ट आठवते. व्हॅटिकनने २००२ सालीच इंटरनेटविषयीच्या एका निवेदनात म्हटले होते की आभासी वास्तव ख्रिस्तशरीर संस्काराची किंवा हाडामांसाच्या माणसांनी एकत्र येऊन केलेल्या उपासनेची जागा घेऊ शकत नाही. तेव्हा आम्हाला ते अगदीच दूरचे वाटले होते. २०२० च्या टाळेबंदीत मोबाईलवर मिस्सा पाहताना त्याचा अर्थ कळला. मोबाईलवरची मिस्सा वाईट नव्हती, आधारच होता तो. फक्त शेजारच्या बाकावर कोणी खोकत नव्हते.

पण या यंत्राला नुसता दोष देऊन थांबावे तर तोही अन्याय ठरेल, कारण हाच चष्मा वेगळ्या डोक्यावर बसवल्याची एक हकिगत आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन हे दोन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या हार्बरव्ह्यू इस्पितळातील भाजलेल्या रोग्यांसाठी हे तंत्र वापरायला सुरुवात केली. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलणे म्हणजे काय हे ज्यांनी घरात अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. मॉर्फीन दिले तरी ती वेदना पुरी आवरत नाही. त्यांनी 'स्नोवर्ल्ड' नावाचे एक बर्फाचे जग तयार केले. निळसर बर्फाची दरी, त्यात बर्फाचे बाहुले आणि पेंग्विन. रोग्याने तरंगत जायचे आणि त्यांच्यावर बर्फाचे गोळे फेकायचे. आगीतून वाचलेल्याला बर्फ द्यावा, ही कल्पना कोणाला सुचली असेल त्याला माझा नमस्कार. मनाला एका वेळी थोड्याच गोष्टींकडे लक्ष देता येते. ते लक्ष बर्फाने खेचून घेतले की वेदनेच्या वाट्याला कमी उरते, असा त्यामागचा विचार. रोग्यांनी वेदना पुष्कळ कमी झाल्याचे सांगितले. २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना थोडा चटका देऊन मेंदूची चित्रे घेतली, त्यांतही वेदनेशी संबंधित भागांची हालचाल कमी झालेली आढळली.

सिद्राच्या वेळी चष्मा माझ्या डोळ्यांवर होता, सोसणारी ती होती. इथे सोसणाऱ्याच्याच डोळ्यांवर तो आहे. त्याला आपले दुःख थोडा वेळ विसरायचा हक्क आहे. तो पोर बर्फात रमलेला असताना नर्स मात्र त्याच्या हातावरची पट्टी उलगडत असते. तिला तो चष्मा घालून चालत नाही. तिला जखमेकडेच बघावे लागते.

हे सारे मी भाच्याला सांगितले. तो जरा गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, बर्फाचा एखादा खेळ माझ्याकडे पण आहे. काकांना लावून बघू या का?" मी म्हटले, आधी डॉक्टरांना आणि नर्सला विचार, त्या हो म्हणाल्या तरच. नर्सची पाळी शनिवारी सकाळी साडेदहाची होती. काकांना चष्मा डोक्यात घट्ट होईल म्हणून भाच्याने पट्टा सैल करून ठेवला. मी चपला दाराबाहेर काढून आत गेलो आणि नर्सला विचारले, कात्री कोणी धरायची.