निकालाआधीची चर्चा

पोकरमध्ये एकाकडे दोन एक्के आणि दुसऱ्याकडे दोन राजे असले, तर शंभरपैकी साधारण 82 वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या वेळी हरतात, आणि हरणाऱ्याला सगळे म्हणतात, 'तू चुकलास.' खरं तर तो चुकलेला नसतो. म्हणून हा खेळ मन लावून शिकणारे एखादा डाव चर्चेला मांडताना शेवट सांगत नाहीत. निकाल कळला की विचार थांबतो आणि निवाडा सुरू होतो. पोकर खेळाडू अ‍ॅनी ड्यूक यांचं 2018 सालचं 'थिंकिंग इन बेट्स' हे पुस्तक याच सवयीबद्दल आहे.

पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळण्यावर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. पण आमच्या नगर जिल्ह्यात डाव लावायला पत्ते लागतातच असं नाही. बोअरला पाणी लागलं की माणूस हुशार, कोरडं गेलं की येडा. खडकाखालचं दोघांनाही सारखंच दिसत नव्हतं. कांद्याचंही तेच. भाव मिळालेल्याचा सल्ला पारावर ऐकला जातो आणि बुडालेला गप्प बसतो. वास्तविक त्याच्याकडेही सांगण्यासारखं तेवढंच असतं. ज्याला तोटा पचवता येतो तोच पुढच्या वर्षी बोलायला उरतो, हा मला चर्चेच्या दर्जापेक्षा न्यायाचा प्रश्न वाटतो.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेत वेगळी रीत आहे. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय, याची मोजदाद करून पाण्याचा ताळेबंद आधी मांडला जातो. पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. आकडा सगळ्यांसमोर एकच असल्यामुळे मोठ्या आवाजाचं वजन थोडं कमी होतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. डोक्यावर कर्ज असलेल्याला 'तुझा निर्णय बरोबर होता' हे सांगून काय उपयोग? त्याने कर्ज फिटत नाही, हे खरंच. पण त्याची पत राहते, आणि पुढच्या बैठकीत त्याला तोंड उघडता येतं.

पोकरची तुलना मात्र एका जागी तुटते. तिथे प्रत्येक जण आपलेच पैसे लावतो. बोअर मात्र शेजाऱ्याच्या विहिरीतलंही पाणी ओढतं. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ती म्हणूनच पटते. तेव्हा निर्णय विचारपूर्वक घेतला होता का, एवढंच विचारून भागत नाही. डाव कोणाच्या जिवावर लावला होता, हेही विचारावं लागतं, आणि तेही निकाल लागण्याआधी.