हाताचा तास, अंगाचा तास

महाराष्ट्रातल्या बहुतेक माध्यमिक शाळांत पी.टी. आणि कार्यानुभव हे दोन तास सर्वांत आधी उसने घेतले जातात. दहावीची सहामाही आटोपली की ते गणिताकडे नाहीतर इंग्रजीकडे वळतात. कार्यानुभवाच्या वहीत खडू, मेणबत्ती, अगरबत्ती यांची कृती मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते. वर्षाखेरीस दोन्ही विषयांना श्रेणी मिळते. त्या श्रेणीने घरात कोणाला आनंद होत नाही आणि दुःखही होत नाही.

हाताच्या आणि अंगाच्या शिक्षणाची कल्पना जन्मली तेव्हा ती वेळापत्रकाच्या तळाशी नव्हती.

1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम सुचवला, त्यात मोडी-बाळबोध आणि हिशेबाच्या बरोबरीने शेतीची आणि आरोग्याची तोंडओळख होती. कुणब्याच्या मुलाला स्वतःच्या शेताकडे डोळसपणे पाहता यावे, ही त्यामागची तळमळ. फुले स्वतः लहुजी वस्तादांच्या तालमीत अंग कमावलेले. शरीराचे शिक्षण काय असते हे त्यांना सांगायला नको होते.

तालमीची ती परंपरा पुढे संस्थांच्या रूपाने उभी राहिली. अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. या मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुण्यात 1924 मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले. मल्लखांब, लेझीम, कुस्ती यांमागे तेव्हा स्वातंत्र्याची आस होती. व्यायामाला श्रेणी देण्याची गरज कोणाला भासली नव्हती.

श्रमाची वाट साताऱ्याहून गेली. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र जेवत, एकत्र राबत. 'कमवा आणि शिका' हा त्या मुलांच्या पोटाचा मार्ग होता आणि जात मोडण्याचाही. हा दुसरा धागा पुढच्या योजनाकारांच्या हातून सुटला.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीचे वेळापत्रक आज वाचले तरी माणूस थबकतो. रोजच्या साडेपाच तासांपैकी 3 तास 20 मिनिटे मूलोद्योगाला, म्हणजे शिक्षणाचा पाया मानलेल्या हातकामाला, मातृभाषेला 40 मिनिटे आणि शारीरिक शिक्षणाला फक्त 10. शरीराची ती उपेक्षा म्हणावी, तर तसे दिसत नाही. टकळी, करवत, कुदळ हाती असलेल्या मुलाचे अंग दिवसभर कामातच होते. हात, अंग आणि बुद्धी यांची वाटणी तिथे व्हायची होती.

शंका तेव्हाही निघाल्या. मुलांनी केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च भागवायचा, तर शाळेचा कारखाना होईल, ही भीती रास्त होती. त्याहून खोल अडचण जातीची. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हाती झाडू, रापी आणि खुरपे बळजबरीने दिले गेले, त्यांनी मूल शाळेत घातले ते अक्षरांसाठी. शाळेनेही पुन्हा खुरपेच द्यावे, हे त्यांना कसे पटणार? शहरी शाळांना टकळीची सक्ती झाली असती तर न्याय झाला असता. तसे घडले नाही. मूलोद्योग खेड्यापुरता उरला आणि खेड्यातूनही ओसरला. काही जिल्हा परिषद शाळांच्या कमानीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' ही अक्षरे तेवढी राहिली.

'कार्यानुभव' हा शब्द रुळला तो कोठारी शिक्षण आयोगामुळे. 1966 मध्ये अहवाल देणाऱ्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी नाते असलेले. वर्ध्याचे बीज उद्योगयुगाच्या जमिनीत लावण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे भारदस्त नाव दिले, 1986 च्या धोरणात जुने नाव परतले. नावे बदलत गेली तसे काम आटत गेले. शारीरिक शिक्षण वेगळा विषय झाले आणि पुष्कळ ठिकाणी सावधान-विश्राम, सामुदायिक कवायत एवढ्यावर थांबले.

याच काळात एका माणसाने उलट दिशेने पाऊल टाकले. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातले डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस कामावर: वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती-पशुपालन, आहार-आरोग्य. या सगळ्यात एक गोष्ट निर्णायक होती. मुलांनी केलेले काम गावाला हवे असे आणि गाव त्याचे पैसे मोजे. फाटक वाकडे बसले तर गिऱ्हाईक ते घेणार नाही. अशा कामाला वहीची गरज पडत नाही. वर्कशॉपमध्ये मुलगीही वेल्डिंग करते आणि मुलगाही स्वयंपाकघरात उभा राहतो, म्हणजे जन्माने ठरलेली कामाची वाटणी मोडण्याचा, भाऊरावांचा सुटलेला धागा इथे पुन्हा सापडतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्यासोबत ते घालवायचे आहेत. चांगली गोष्ट आहे, पण दहा दिवसांत रंधा सरळ चालत नाही. पाबळला त्यासाठी दर आठवड्याचा एक दिवस लागला.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा वर्गाच्या भिंतीवरचे वेळापत्रक पाहा. पी.टी. आणि कार्यानुभवाचे तास मोजा, आणि गेल्या महिन्यात त्यांतले किती झाले ते आपल्या मुलाला विचारा. मग मुख्याध्यापकांशी बोला.