हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दुसऱ्याच्या मालावर तुळशीपत्र ठेवून दानाचें पुण्य जोडूं पाहणाऱ्यास आमच्या पूर्वजांनीं एका म्हणींत कायमचें अडकवून ठेविलें आहे. वृद्धांच्या फुकट एसटीप्रवासाची चर्चा निघाली, कीं आम्हांस ही म्हण आठवते. महाराष्ट्र शासनानें ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षें पुरी झालेल्यांस हा प्रवास मोफत केला. ६५ ते ७५ वयाच्यांस निम्में भाडें पडतें आणि अपंगांसही भाड्यांत मोठी सूट आहे.

सवलत योग्य कीं अयोग्य, हा वाद प्रथम मिटविला पाहिजे. पुष्कळ सुजाण गृहस्थ विचारतात कीं, पेन्शन खाणाऱ्या सधन म्हाताऱ्यास फुकट तिकीट कशाला? गरजूंसच तें द्यावें. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु गरज सिद्ध करावयाची म्हणजे दाखले, शिक्के आणि साहेबाची मर्जी; आणि ज्याला गरज अधिक, त्यालाच हे सोपस्कार अवघड. शिवाय घरीं शेतजमीन असली, म्हणून म्हातारीच्या हातीं पैसा असतोच असें नाहीं. तालुक्याच्या दवाखान्यांत जावयाचें किंवा लेकीचें तोंड पाहावयाचें, तर तिला मुलापुढें हात पसरावा लागतो. आणि दोनदां नकार मिळाला, कीं तिसऱ्यांदा ती मागतच नाहीं. भाड्याचे चार पैसे वांचले, हा या सवलतीचा लहान लाभ. मागावें लागलें नाहीं, हा मोठा. अपंगांचेंही तसेंच. माणसाची प्रतिष्ठा राखणें हें समाजाचें कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

पण कर्तव्य म्हटलें, कीं त्याचें मोल तें पत्करणारानेंच दिलें पाहिजे. त्या म्हातारीकडून न घेतलेलें भाडें शासनानें महामंडळास भरून द्यावें, अशी रीत आहे. आतां डिझेल रोज लागतें आणि चालक-वाहकांचा पगार दरमहा द्यावा लागतो. भरपाई रेंगाळली, तर मधल्या काळांत ती म्हातारी कोणाच्या पैशानें प्रवास करते? वाहकाच्या लांबलेल्या पगारावर आणि न बदललेल्या टायरावर! घोषणेचा हार एकाच्या गळ्यांत, भार दुसऱ्याच्या खांद्यावर. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपांत एसटीच्या नोकरांनीं शासनांत विलीनीकरण मागितलें, त्यामागें पगाराचीच विवंचना होती.

इंग्लंडांत २००८ पासून वृद्ध व अपंग यांस, गर्दीची वेळ सोडून, देशभर स्थानिक बसप्रवास मोफत आहे. तेथील भरपाईचें तत्त्व मननीय आहे: सवलतीमुळें बस चालविणाऱ्यास नफा होऊं नये आणि तोटाही होऊं नये. तथापि तेथेंही खेड्यापाड्यांतील कित्येक गाड्या पैशाअभावीं बंद झाल्या. पास हातांत राहिला आणि थांब्यावर गाडी येईनाशी झाली. जी गाडी येतच नाहीं, तिचें भाडें माफ करणें फार सोपें असतें.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, सवलत जाहीर करतांनाच तिची रक्कम अंदाजपत्रकांत वेगळी काढावी आणि ती महिन्याच्या महिन्यास पोंचती करावी. ती करांतून येते, म्हणजे तुमच्याआमच्या खिशांतून येते, हें आम्ही सुशिक्षितांनीं कुरकुर न करतां मान्य करावें. ज्या दानानें आपल्या पदरास खार लागत नाहीं, त्याचें तुळशीपत्र हलवायाच्याच घरावर पडलें, असें आम्ही समजतों.