चूक कुणाच्या पदरात टाकायची?

पुढच्या संवादातली दोन्ही माणसं कल्पित आहेत. काका मूळचे नाशिकचे, मुंबई पोलिसांतून सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पुतणी सत्र न्यायालयात आरोपींच्या बाजूने उभी राहते. तिची बरीचशी प्रकरणं विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात. कायदे, कलमं आणि खटले मात्र खरे आहेत. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळाने मोक्का म्हणजे संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात दुरुस्ती केली आणि अमली पदार्थांचं उत्पादन, साठा, वाहतूक, विक्री यांना संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आणलं. दोघांचा वाद त्यावरचा आहे.

काका : तुला या दुरुस्तीत खुपतंय काय, तेच मला कळत नाही. वस्तीतली एक बाई हिंमत करून ठाण्यात येते. सांगते, अमुक टपरीवर एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, पुड्या मिळतात, माझा मुलगा तिथूनच आणतो. आम्ही सापळा लावतो, त्याला उचलतो. तीस ग्रॅम माल. एमडीचं व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅमचं, त्यामुळे एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कलम ३७ ची जामिनाची कडक अट त्याला लागत नाही. काही दिवसांत तो बाहेर. आणि बाहेर आल्यावर तो पहिलं काय करतो? त्या बाईच्या दारावरून फेरी मारतो. बोलत काहीच नाही, नुसती फेरी मारतो. पुन्हा ती बाई ठाण्याची पायरी चढत नाही. पन्नासचा आकडा विकणाऱ्याला तुझ्यामाझ्यापेक्षा पक्का पाठ असतो.

पुतणी : ती बाई मी पण पाहिलीय, काका. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला फक्त सांगा, या दुरुस्तीने नवीन काय आलं? एनडीपीएस १९८५ पासून आहे. मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १११ आहे, त्यात संघटित गुन्हेगारी आहे, अमली पदार्थांची तस्करी आहे, किमान पाच वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. म्हणजे गुन्हा आधीच गुन्हा होता, शिक्षाही होती. मोक्काने वर काय दिलं? जामीन जवळजवळ बंद. आरोपपत्राला नव्वदऐवजी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत मुदत. आणि पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणं. तुम्हाला शिक्षा वाढवून मिळालेली नाही. शिक्षेपर्यंतची वाट तेवढी सोपी करून मिळालीय.

काका : सोपी नाही, शक्य. फरक आहे. मोक्का का आला ते आठव. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये संपला. बिल्डरांना, सिनेमावाल्यांना खंडणीचे फोन यायचे. १९९७ मध्ये अंधेरीत गुलशन कुमारांना देवळाबाहेर दिवसाढवळ्या मारलं. लोकांनी पाहिलेलं असायचं, पण सांगायला माणूस मिळायचा नाही. पंच फितूर, साक्षीदार गावी पळालेला. म्हणून १९९९ मध्ये हा कायदा करावा लागला. आता अमली पदार्थांचं बघ. खुनात निदान मेलेल्याचे नातेवाईक असतात. इथे देणारा राजी, घेणारा राजी, दोघांनाही ठाण्यात यायचं नाही. फिर्यादीच नसलेला गुन्हा आहे हा. मग आतल्या माणसाने तोंड उघडल्याशिवाय वरचा माणूस सापडणार कसा?

माझ्या मते काकांच्या बाजूचं सगळ्यात वजनदार वाक्य हेच आहे, आणि कायद्याला विरोध करणारे बहुतेक जण ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तक्रारदार नसलेला गुन्हा शोधायचा तर राज्यसंस्थेला डोळे कुठून तरी आणावेच लागतात: खबरी, फोनची नोंद, पाळत, किंवा पकडलेल्याची जीभ. प्रश्न यातला कुठला मार्ग कायद्याने सोपा करून ठेवावा, हा आहे.

पुतणी : आतल्या माणसाला बोलायचं असेल तर तीन दारं आधीपासून उघडी आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर कबुली द्यावी, चालते. माफीचा साक्षीदार व्हावं, चालतं. कोठडीत त्याने सांगितलेल्या माहितीवरून माल निघाला, तर तेवढा भाग जुन्या साक्ष कायद्याच्या कलम २७ प्रमाणे चालायचा, नव्या साक्ष अधिनियमातही चालतो. म्हणजे पोलिसापुढची कबुली चालवणारं मोक्काचं कलम १८ लागतं ते फक्त एका प्रकारच्या बोलण्यासाठी: जे दंडाधिकाऱ्यासमोर बोललं जाणार नाही आणि ज्यातून काही सापडणारही नाही, त्या बोलण्यासाठी.

काका : तू कलम अर्धंच सांगतेस. अधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला तो जबाब घेता येत नाही. जबाब देणं तुझ्यावर बंधनकारक नाही, असं आधी सांगावं लागतं. मग आरोपीला विनाविलंब दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागतं. मारहाणीची तक्रार केली तर वैद्यकीय तपासणी. मोक्का लावायलाच उपमहानिरीक्षकाची मंजुरी लागते, खटला चालवायला अपर महासंचालकाची. ठाण्यातल्या हवालदाराच्या हातात कुणी हे शस्त्र दिलेलं नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कायदा वैध ठरवलाय.

पुतणी : या सगळ्या अटी ११ जुलै २००६ च्या खटल्यातही होत्या.

काका : मला वाटलंच होतं तू तिथे येणार.

पुतणी : यावंच लागतं. लोकलमध्ये सात स्फोट, एकशे ऐंशीहून जास्त माणसं गेली. मोक्का लागला, उपायुक्तांनी जबाब घेतले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी दिली, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. कबुलीजबाब छळ करून घेतलेले दिसतात, विश्वासार्ह नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. ज्या महिन्यात विधिमंडळ मोक्काची कक्षा वाढवत होतं, त्याच महिन्यात हा निकाल आला.

काका : सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिलीय, हेही सांग.

पुतणी : तो निकाल दुसऱ्या मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, एवढ्यापुरती. सुटलेल्यांना परत आत बोलावलेलं नाही. अपिलाचं काय व्हायचं ते होईल, मी त्यावर बोलत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. समजा ते निर्दोष होते. मग एकोणीस वर्षं निर्दोष माणसं आत राहिली आणि ज्यांनी बॉम्ब ठेवले त्यांना कुणी शोधलंच नाही, कारण कागदावर गुन्हा उघड झाला होता. आता उलट समजा. ते दोषी होते. मग खटला कबुलीजबाबावर उभा केल्यामुळे तो उच्च न्यायालयात कोसळला. कुठल्याही बाजूने धरा, ज्यांची माणसं त्या गाड्यांत गेली त्यांच्या हाती काय पडलं?

काका : (थांबून) काही नाही.

पुतणी : मग ही सोय कुणासाठी आहे?

काका : तुला वाटतं तेवढं ते सोपं नाही. तपास करणाऱ्यावर रोज वरून दबाव असतो. काय झालं, कोण सापडलं, मंत्र्यांना काय सांगू. अशा वेळी जबाब हाती असला की माणूस थोडा निवांत होतो, हे मी नाकारत नाही. तो निवांतपणा वाईट. पण म्हणून हत्यारच काढून घ्यायचं?

पुतणी : ज्या हत्याराने हात आळशी होतो ते काढून घ्यावं. एनडीपीएसचे खटले सुटतात ते का सुटतात? कलम ५० प्रमाणे झडतीआधी आरोपीला त्याचा हक्क नीट सांगितलेला नसतो. नमुना दंडाधिकाऱ्यासमोर घेतलेला नसतो. मुद्देमालाच्या सीलमध्ये घोळ. पंच तोच तो, प्रत्येक पंचनाम्यात. यातलं काहीही कायदा मऊ असल्यामुळे होत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोफान सिंग प्रकरणात सांगितलं की एनडीपीएसच्या अधिकाऱ्यापुढची कबुलीही पोलिसापुढच्या कबुलीसारखीच, पुरावा म्हणून चालणार नाही. पुढच्या दारातून बाहेर काढलेली गोष्ट आपल्या राज्याने मोक्काच्या मागच्या दाराने आत घेतली.

काका : बरं, कबुली बाजूला ठेव. जामिनाचं बोल. तो फेरी मारणारा बाहेर यायला नको, एवढंच मला हवंय.

पुतणी : आणि आत कोण कोण जाईल? माझ्याकडे असे अशील येतात: बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, स्वतः एमडी घेणारा, स्वतःच्या पुडीचे पैसे सुटावेत म्हणून दोघा-चौघांना पोचवणारा. मोक्काला दहा वर्षांत दोन आरोपपत्रं लागतात, पण ती टोळीवर असली तरी पुरतात, प्रत्येक आरोपीवर असावी लागत नाहीत. म्हणजे त्याचा आयुष्यातला पहिला गुन्हासुद्धा मोक्काचा असू शकतो. टोळीचा हस्तक म्हणून आत गेला, की त्याला जामिनासाठी न्यायालयाची खात्री पटवावी लागते की तो दोषी नसण्याला वाजवी कारण आहे, शिवाय तो पुन्हा गुन्हा करणार नाही. खटला सुरूही झालेला नसताना ही खात्री तो कशी पटवणार?

काका : तसा पोरगा आमच्या डोळ्यांपुढे नसतोच. उपचार घ्यायला तयार असेल तर एनडीपीएसचं कलम ६४ अ त्याला सोडवतं.

पुतणी : स्वतः घेतल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल सोडवतं. दोघांना पोचवलं आणि टोळीत नाव आलं की ते कलम संपलं. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं. तेव्हा गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, काळ होता, आता एमडीचा आहे. व्यसनी माणूस खोटं बोलतो, घरात चोरी करतो, वेळ पडली तर विकतोही, आणि तरीही तो आजारी असतो, हे मुक्तांगण उभं करणाऱ्या अवचटांनी महाराष्ट्राला समजावून चाळीस वर्षं होत आली. कायद्याला मात्र एका माणसात एकच दिसतं: विकणारा, नाहीतर घेणारा.

काका : आणि त्याने ज्या दोघांना पोचवलं, ते कुणाची पोरं नाहीत? त्यातला एखादा त्या बाईचाच. तुझा पोरगा आजारी आहे हे मी मान्य करतो. पण त्याच्या आजाराची लागण थांबवायची कुणी?

इथे पुतणी गप्प राहिली, आणि तिने गप्प राहणंच प्रामाणिक होतं असं मला वाटतं. आजारी आणि अपराधी या दोन वेगळ्या माणसांच्या पाट्या असत्या तर कायदा लिहिणं सोपं गेलं असतं.

पुतणी : थांबवायलाच हवी. पण या दुरुस्तीने ती थांबते का ते बघू. २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळ शिंदे गावातला एमडीचा कारखाना पकडला. त्याआधी पुण्याच्या ससून रुग्णालयात दाखल असलेला एक कैदी वॉर्डातून धंदा चालवत होता, असा आरोप झाला, आणि तो तिथून पळालाही. तो तर आधीच अटकेत होता ना? जामीन मिळालेलाच नव्हता. २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो एमडी निघालं. एवढा कच्चा माल, एवढी रसायनं, ती कुणी विकली, कुणी परवाने तपासले, रुग्णालयात कुणी डोळे मिटले? हे प्रश्न फाइलींचे आहेत. त्यांची उत्तरं टपरीवरच्या पोराच्या कबुलीत सापडायची नाहीत.

काका : ससूनचं मला लागलं. आपल्या खात्यातल्या माणसांची नावं आली की लागतंच. पण त्याचा अर्थ मी असा घेतो, की वरचा माणूस आतूनही धंदा करतो, तर बाहेर किती करेल.

पुतणी : मोक्का तुमच्या आयुक्तांनाही लागला होता. तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात रणजितसिंग शर्मांना. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला आणि सांगितलं की मोक्काचं जामिनाचं कलम २१(४) शब्दशः वाचायचं नाही, नाहीतर जामिनाच्या टप्प्यावरच निकाल लागेल. आयुक्तांसाठी दिल्लीपर्यंत जाणारे वकील होते. माझ्या पोराला मी आहे, तारखेच्या दिवशी हातात सतरा फाइली घेऊन.

काका : मग तू काय करशील? नुसतं नको म्हणून चालणार नाही.

पुतणी : सांगते. अमली पदार्थांच्या प्रकरणात कलम १८ नको, अजिबात नको. जामिनाची कडक अट ठेवा, पण ज्याच्यावर स्वतः दोन आरोपपत्रं आहेत त्यालाच, टोळीच्या खात्यातली धरायची नाहीत. आणि वर्षभरात खटला संपला नाही तर अट आपोआप गळून पडावी. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या खटल्यातल्या एका माणसाला कलम ३७ असूनही जामीन दिला, कारण तो सात वर्षं कच्च्या कैदेत होता. सात वर्षांनी न्यायालय जे देतं, ते कायद्याने वर्षानंतर द्यावं.

काका : वर्षात? रासायनिक विश्लेषकाचा अहवाल यायला किती काळ जातो, ठाऊक आहे ना?

पुतणी : म्हणूनच. प्रयोगशाळेत माणसं भरा, विशेष न्यायालयं वाढवा. सरकारला जादा अधिकार हवे असतील तर जादा खर्चही सरकारनेच उचलावा. आज तो खर्च पोरगा उचलतोय, कोठडीत बसून.

काका : कलम १८ चं मी सोडतो. मनापासून सोडतो, कारण तू म्हणालीस तसा हात आळशी होतो, ते मी पाहिलंय. दोन आरोपपत्रं स्वतःची, हेही चालेल. पण वर्षाचं नाही. वर्ष संपलं, प्रयोगशाळा झोपलेलीच राहिली, तो बाहेर आला, तर किंमत गृहखातं मोजत नाही. ती बाई मोजते.

पुतणी : साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा आपल्या राज्यात २०१७ चा आहे. त्यात तिला संरक्षण मागता येतं.

काका : अर्ज कुणाकडे करायचा हे तिला माहीत नाही, आणि ठाण्यात माणसं पुरत नाहीत. तू वर्षाची मुदत लिहितेस ना, तर त्याच कलमात हेही लिही: मुदत संपून तो सुटला त्या रात्रीपासून त्या गल्लीत शिपाई कोण उभा करणार, किती महिने, आणि नाही केला तर कुणाच्या पगारातून कापायचं. तेवढं लिहून आण, मग मी तुझ्या मसुद्यावर सही करतो.