फोन घरात आहे, पण कुणाचा?

शाळेच्या फॉर्मवर 'घरी स्मार्टफोन आहे का?' असं विचारलेलं असतं. पालक 'होय' लिहितात, आणि ते खोटं नसतं. पण तो फोन कुणाच्या खिशात असतो, घरी किती वाजता येतो, यासाठी फॉर्मवर रकाना नसतो.

'प्रथम' संस्थेच्या ग्रामीण शिक्षणावरच्या 'असर' पाहणीत, घरातला फोन मुलांना अभ्यासाला मिळतो का, हे तरी विचारलं गेलं. २०१८ साली ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी साधारण ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या पुढे गेलं. ऐन टाळेबंदीत, हाताला काम नसताना, लोकांनी फोन घेतले. तरीही २०२१ मध्ये फोन असलेल्या घरांतल्या साधारण एक चतुर्थांश मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. पहिली-दुसरीच्या मुलांत तर ४० टक्क्यांच्या आसपास.

यात आईबापांची हयगय शोधू नये. गवंडीकामाला जाणारा बाप फोन घरी ठेवूच शकत नाही. उद्याचं काम कुठे, हा मुकादमाचा निरोप त्यावरच येतो. शाळा बंद होत्या तेव्हा ऑनलाइन तास सकाळी अकराला असायचा, फोन घरी यायचा सात-साडेसातला, तोही चार्जिंग उतरलेला आणि दिवसाचा डेटा संपत आलेला. मग नंबर लागायचे. दहावीचा दादा पहिला, कारण बोर्डाचं वर्ष. त्याच्यामागे आठवीतली ताई, तीही भाकऱ्या झाल्यावर. दुसरीतल्या धाकट्याची पाळी येईपर्यंत तो झोपलेला असायचा. वाक्य जुळवून वाचायला शिकायचं वय नेमकं त्याचंच.

त्याच काळात, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. टीव्हीला शंका विचारता येत नाही, वीज गेली की पाठही गेला. पण टीव्ही कामावर जात नाही, हा त्याचा मोठाच गुण.

पुस्तकांच्या बाबतीत आपण हा हिशेब केव्हाच नीट केला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, ती मुलागणिक. घरात तीन मुलं आहेत, एका संचात भागवा, असं कुणी म्हणत नाही. फोन मात्र आपण घरामागे मोजतो.

शाळा उघडून वर्षं झाली, तरी कित्येक ठिकाणी गृहपाठ अजून रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडतो. सोय म्हणूनच, वाईट हेतूने नव्हे. शाळा सुटण्याआधी तोच गृहपाठ फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि तो वर्गातल्या प्रत्येक वहीत उतरतो.