साडेबारा टक्के आणि पाच लाख

काल पनवेलमधल्या एका बँकेत दोऱ्याला बांधलेलं पेन हाती आलं, तशी मागून एक मावशी म्हणाल्या, "बाला, जरा माझी पन स्लिप भरून दे." चार हजार काढायचे होते. अक्षरी रक्कम मी लिहिली. सही त्यांनी केली, एकेक अक्षर सुटं, जीभ दातांत धरून. खात्याचे मेसेज येतात तो फोन नातवाकडे आणि पिनही त्यालाच ठाऊक.

मनात 'बिचाऱ्या' असा शब्द आलाच होता. पण रांग लांबली, बोलणं जमिनीवर गेलं आणि मावशींनी मलाच शिकवलं. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड म्हणतात खरा, पण पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींना कापतात, हाती पावणेनऊच येतात. सगळा हिशेब बोटांवर!

हे त्यांना कुठल्या शाळेत शिकवलं? जानेवारी 1984 मध्ये याच जमिनींसाठीच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. त्या आधी आणि नंतर आंदोलनाचे नेते दि. बा. पाटलांच्या सभा, ओटीवरची भांडणं, वकिलांकडच्या खेपा. टक्केवारी अशी अंगात मुरली. त्याच जमिनीचा पैसा पुढे बँकेत गेला, पण ठेवीचे नियम सांगायला गावात सभा कुणी घेतली नाही.

ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने पनवेलच्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. 95 टक्के ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असं तेव्हा जाहीर झालं. राहिले ते विम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेवरचे. फेब्रुवारी 2020 च्या आधी तर ही मर्यादा एकच लाख होती.

"माझ्या तीन पावत्या हायेत, सगल्या हितंच. येगयेगल्या केल्यान, म्हंजे सेफ," मावशी म्हणाल्या. (हाच समज मी बीकॉम झालेल्यांकडूनही ऐकलाय.) मी सांगितलं, पावत्या कितीही करा, शाखा कितीही बदला, विमा मिळून पाच लाखांचाच.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पासबुक पालथं करून पुढे सरकवलं. "हितं लिव."

मी लिहिलं: एका बँकेत, एका नावावर, सगळं मिळून पाच लाख, व्याज धरून. शेवटचे दोन शब्द त्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतले.