अफूचे व्यसन, औषध आणि आपली जमात



२०२३ च्या पावसाळ्यात श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहून आली, तेव्हा ती साऱ्यांनी पाहिली आणि पोलिसांनी गोळा केली. आज ज्या विषाविषयी लिहायचे आहे ते असे डोळ्यांना दिसत नाही. ब्राउन शुगर आणि गुंगीसाठी घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या हे अफूच्या कुळातील पदार्थ खिशातून घरात येतात. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने अशा पदार्थांचे सेवन करणाऱ्या भारतीयांची संख्या २ कोटी २६ लाख सांगितली. ज्या मोजक्या राज्यांत व्यसनाधीनांपैकी निम्म्याहून अधिक राहतात, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

मुलगा या व्यसनात सापडला की आपण काय करतो? कुरआनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो, खोलीत कोंडतो, होडीवर किंवा आखातात धाडतो. हेतू चांगला असतो. परंतु शरीराला शपथ कळत नाही. अफू बंद झाली की अंग फुटते, उलट्या होतात, झोप उडते. हे दिवस बहुतेक जण सोसून नेतात. खरा धोका त्यानंतरचा आहे. काही आठवडे दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरते आणि मोह होऊन जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबतो. ‘सुधारून’ घरी परतलेला मुलगाच सर्वाधिक संकटात असतो.

यावर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात, मेथाडोन पाजतात. मेंदूत जिथे अफू काम करते तिथेच ही औषधे संथपणे काम करतात. योग्य मात्रेत तलफ शमते, सवय झालेल्या रुग्णाला गुंगी येत नाही, तो कामावर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. उपचारात टिकून राहणाऱ्यांतील मृत्यू लक्षणीय कमी होतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

इथे आक्षेप येतो: ही तर एका नशेच्या जागी दुसरी नशा, हराम ते हरामच. आक्षेप हलका नाही. मद्याचा औषध म्हणून वापर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नाकारला, हे हदीसमध्ये आहे. पण अफूचा प्रश्न आपल्या फुकहांसमोर वेगळा आला होता. कोकणातील आपण बहुतेक शाफई. ज्यांचा ‘तुहफतुल मुहताज’ हा ग्रंथ आपल्या मसलकाचा आधार मानला जातो, त्या सोळाव्या शतकातील इब्न हजर मक्की यांना विचारले गेले, की अफू न मिळाल्यास ज्याचा प्राणच जाईल अशा व्यसनी माणसाने काय करावे? त्यांचा निर्णय असा, की प्राण जाण्याची खात्री असेल तर त्याला ती घेणे वैध, किंबहुना अनिवार्य, जसे भुकेने मरणाऱ्यास मृत जनावराचे मांस. मात्र त्याने मात्रा थोडी थोडी कमी करत न्यावी, तसे न केल्यास तो गुन्हेगार. दमिश्कचे हनफी विद्वान इब्न आबिदीन यांनी हा निर्णय आपल्या ग्रंथात उद्धृत केला आहे.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. इब्न हजर यांनी प्राणभयाची अट घातली होती, आणि मात्रा उतरवण्याचीही. आजच्या उपचारात गोळी कधी वर्षानुवर्षे चालते. पण प्राणभय आज कुठे आहे ते आपण वर पाहिले: अफू सोडताना कमी, सोडल्यानंतर अधिक. आणि मात्रा किती वेगाने उतरवावी हे सांगणे मौलानांचे काम नाही, डॉक्टरांचे आहे. प्रेषितांच्या (स.) काळात डोक्याला जखम झालेल्या एका प्रवाशाला स्नान अनिवार्य झाले. तयम्मुमची सवलत नाही, असे सोबत्यांनी सांगितले. तो न्हाला आणि मरण पावला. प्रेषित (स.) त्या सोबत्यांवर संतापले, कारण त्यांनी न विचारता निर्णय दिला होता. मद्यपानासाठी वारंवार शिक्षा झालेल्या माणसाला शाप देणाऱ्यालाही त्यांनी रोखले होते, हेही आठवावे.

आता पुरवठ्याचा प्रश्न. ‘नॅको’ने २००७-०८ पासून ही औषधयोजना राबवली, ती मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांसाठी. गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही, ठरावीक केंद्रांतच मिळते, आणि रुग्णाने अनेकदा रोज तिथे जावे लागते. श्रीवर्धनच्या माणसाने दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरावे, मुरूडवरून अलिबाग गाठावे, आणि हे रोज? मजुरी जाते, मग उपचारही सुटतो. पंजाबने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रे उघडली. २०२० च्या टाळेबंदीत घरी नेण्यास गोळ्या देण्याची मुभा मिळाली. गोळ्या बाजारात फुटतात ही तक्रार खरी आहे. म्हणूनच तिच्यात नॅलोक्सोन मिसळतात, म्हणजे विरघळवून टोचली तर उलट त्रास होतो.

तेव्हा आपल्या जमातीने अलिबागला जिल्हाधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना निवेदन द्यावे: माणगावचे उपजिल्हा रुग्णालय आणि किनाऱ्यावरील शासकीय दवाखान्यांत प्रशिक्षित डॉक्टर व हे औषध असावे, स्थिरावलेल्या रुग्णाला आठवड्याच्या गोळ्या मिळाव्यात. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवणाऱ्या कुटुंबांना १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ समजावून सांगावे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने शासनमान्य उपचार घेणाऱ्याला त्यात खटल्यापासून संरक्षण आहे. १४४४६ ही शासनाची मदतवाहिनी आहे. प्रवासखर्च झकातीतून द्यावा का, हे गरजू रुग्णापुरते आपल्या आलिमांना विचारावे.

आणि रमजानचे विचाराल, तर गोळी दिवसातून एकदाच घ्यायची असते. ती सहरीच्या वेळी किंवा इफ्तारनंतर घेता येते. फक्त वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.